जिरगा : पठाणांची गोल बैठक



आज आम्ही तुम्हांला दूरच्या एका मुलखाची हकिकत सांगणार आहोत. मुलूख दूरचा आहे, पण त्याची खूण तुमच्या स्वयंपाकघरात आहे. डाळीला फोडणी देताना तुम्ही चिमूटभर हिंग टाकता ना? तो हिंग बहुतेक अफगाणिस्तानातून येतो. पूर्वी काबूलकडचे पठाण हिंग आणि सुका मेवा घेऊन आपल्याकडे यायचे. काही जण व्याजाने पैसेही द्यायचे. त्यामुळे पठाण म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक उंच, धिप्पाड माणूस उभा राहतो. डोक्याला पागोटे, हातात काठी, आणि वसुलीसाठी दारात बसलेला. मग आपण म्हणतो, “बाबा रे, पठाणाशी वैर नको!”

हे अगदीच खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे. याच लोकांनी वैर मिटवण्याची एक रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. त्या रीतीचे नाव जिरगा. जिरगा म्हणजे वडीलधाऱ्यांची बैठक. तिच्यात चांगले काय आहे, ते आम्ही सांगू. तिच्यात खोट कुठे आहे, तेही सांगू. आणि खोट सांगताना आम्हांला आमची स्वतःची एक चूक सांगावी लागेल. ती शेवटी सांगू.

पठाण कोण, कुठले?

पठाण स्वतःला पश्तून किंवा पख्तून म्हणवतात. त्यांची भाषा पश्तो. त्यांची वस्ती अफगाणिस्तानच्या दक्षिणेला आणि पूर्वेला आहे, तशीच पाकिस्तानच्या वायव्य भागात आहे. कंदाहार, पेशावर, स्वात, वझिरिस्तान ही नावे तुम्ही रेडिओवर ऐकली असतील. तो सगळा त्यांचा मुलूख. १८९३ साली इंग्रजांनी काबूलच्या अमिराशी करार करून या मुलखातून सरहद्दीची रेघ ओढली. त्यामुळे एकाच जमातीची माणसे रेघेच्या दोन बाजूंना राहिली.

मुलूख डोंगराळ आहे. शेत थोडे, पाणी थोडे, चराईचे डोंगर सामाईक. मग भांडणे होणारच. कोर्टकचेरी फार दूर. आणि घरोघरी बंदूक. अशा ठिकाणी माणसे कशाच्या आधारावर राहत असतील?

त्यांचा आधार म्हणजे त्यांचा रिवाज. त्याला ते पश्तूनवली म्हणतात. हा रिवाज बापाकडून मुलाकडे तोंडी येतो. दारी आलेल्याचा पाहुणचार करावा. शरण आलेल्याला आसरा द्यावा. अब्रू सांभाळावी. आणि चौथी गोष्ट म्हणजे बदल. बदल म्हणजे परतफेड. आपण ‘बदला’ म्हणतो, त्यातलाच हा शब्द. उपकाराची फेड उपकाराने करायची आणि खुनाची फेड खुनाने.

या चौथ्या गोष्टीने घरेच्या घरे बुडाली. आजोबाच्या खुनाचा सूड नातू घेतो. मग त्या नातवाचा सूड दुसरा कोणी घेतो. पुरुष शेतात जायला भितात. शेत पडीक राहते. मुले घराबाहेर पडत नाहीत. असे वैर थांबवायचे कोणी? त्यासाठी जिरगा बसतो.

गोल का बसतात?

जिरग्यात माणसे गोल करून बसतात. कधी झाडाखाली, कधी मशिदीच्या अंगणात, कधी हुजऱ्यात. हुजरा म्हणजे गावातली पुरुषांची बसायची आणि पाहुण्यांना उतरवायची जागा. आपल्याकडच्या चावडीसारखी समजा.

गोल बसण्यात शहाणपण आहे. ओळीत बसले की कोणी पुढे, कोणी मागे होतो. गोलात पहिला कोण आणि शेवटचा कोण? सगळे सारख्याच जमिनीवर, सगळ्यांची तोंडे एकमेकांकडे. बसणारे बहुतेक म्हातारे असतात. त्यांना तिकडे ‘पांढऱ्या दाढीचे’ म्हणतात. प्रत्येकाला बोलायचा हक्क असतो. इथे हात वर करून मते मोजत नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहतात. एक दिवस लागो, नाहीतर आठ दिवस लागोत.

एक उदाहरण घेऊ

समजा, एका ओढ्याचे पाणी दोन घराण्यांत वाटलेले आहे. एकाची पाळी दिवसा, दुसऱ्याची रात्री. एका रात्री कोणीतरी पाट फोडला. शब्दाला शब्द लागला. गोळी सुटली आणि एक तरुण जखमी झाला. आता दोन्ही घराण्यांचे पुरुष गच्चीवर बंदुका घेऊन बसले आहेत.

मग काय होते? तिसऱ्या घराण्यातले म्हातारे उठतात. ते दोघांच्या मध्ये जातात. आधी कोण चुकला, हे ते विचारत नाहीत. आधी भांडण थांबवतात. याला म्हणतात तिगा ठेवणे. पश्तो भाषेत तिगा म्हणजे दगड. मध्ये दगड ठेवला, आता अमुक दिवसांपर्यंत कोणी हत्यार उचलायचे नाही, असा त्याचा अर्थ. जो हा दगड मोडील त्याला जबर दंड.

मंडळी, ही पहिली पायरी ध्यानात ठेवा. रागाच्या भरात न्याय होत नाही. आधी राग निवू द्यावा लागतो.

दुसरी पायरी. दोन्ही पक्षांना पसंत असतील अशीच माणसे जिरग्यात बसवतात. मग म्हातारे दोघांनाही विचारतात, “हा तंटा तुम्ही आमच्यावर सोपवता का? आम्ही सांगू ते मानाल का?” दोघांनी “सोपवला” म्हटले पाहिजे. या सोपवण्याला ‘वाक’ म्हणतात. वाक दिल्याशिवाय जिरगा पुढे जात नाही.

तिसरी पायरी. नुसत्या शब्दावर ते थांबत नाहीत. दोघांकडून तारण घेतात. पैसे घेतात, बंदुका घेतात. निवाडा मोडला तर तारण गेले. हे तारण तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात ठेवतात.

मग ऐकायला सुरुवात होते. एकाचे ऐकतात, दुसऱ्याचे ऐकतात. साक्षीदारांना विचारतात. जाऊन पाट बघतात. जुने लोक आठवण देतात, “अशाच एका तंट्यात आपल्या वडिलांनी असे ठरवले होते.” असे जुने निवाडे हाच त्यांचा कायदा. शेवटी निवाडा सांगतात. पाट फोडणाऱ्याने पाट बांधून द्यावा. गोळी झाडणाऱ्याने जखमीचा खर्च आणि भरपाई द्यावी. पाण्याची पाळी अशी अशी राहील. मग सगळे हात पसरून दुआ मागतात आणि बैठक उठते.

दाती तृण

एवढ्याने मन मात्र साफ होत नाही. त्यासाठी तिकडे आणखी एक रीत आहे. तिला ननवाते म्हणतात. ज्याचा गुन्हा, तो माणूस म्हाताऱ्यांना पुढे घालून शत्रूच्या घरी जातो. बरोबर मेंढी नेतो. दारात उभा राहून म्हणतो, “आलो तुझ्या दारी. आता मार नाहीतर माफ कर.” दारी आलेल्याला मारणे ही मोठी नामुष्की. म्हणून घरधनी बहुधा माफ करतो. मग ती मेंढी कापून दोन्ही घराणी एकत्र जेवतात.

बाबर बादशहाचे नाव तुम्हांला ठाऊक असेल. त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. १५०५ साली तो या पठाणी मुलखात लढत होता. तो लिहितो की हरलेले पठाण दातांत गवत धरून शरण येत. ‘मी तुझी गाय आहे’ असा त्याचा अर्थ. आपणही म्हणतो ना, “दाती तृण धरून शरण आला”? कुठले कोठे, पण माणसाच्या मनाची रीत कशी सारखी असते बघा.

आता कोणी विचारील, “गुरुजी, निवाडा कोणी मानलाच नाही तर?” जिरग्याजवळ तुरुंग नाही, शिपाई नाही. पण जमात आहे. निवाडा मोडणाऱ्याचे तारण जाते, दंड होतो. तेवढ्याने भागले नाही तर जमातीचे लोक हत्यार घेऊन जातात. प्रसंगी त्याचे घर जाळतात, त्याला मुलखाबाहेर काढतात. हे कठोर आहे. आणि घर जाळले की त्या घरातली लेकरेही उघड्यावर येतात, हे विसरू नका.

मोठा जिरगा आणि आपले पानिपत

गावाचा जिरगा, तसा साऱ्या देशाचाही जिरगा बसतो. त्याला लोया जिरगा म्हणतात. लोया म्हणजे मोठा. १७४७ साली कंदाहारजवळ असा एक जिरगा बसला. राजा कोणाला करावे, हा प्रश्न होता. बरेच दिवस एकमत होईना. शेवटी पंचविशीतल्या एका सरदाराला त्यांनी राजा केले. त्याचे नाव अहमदखान. एका फकिराने त्याच्या डोक्यावर धान्याची ताटे खोवली आणि तोच त्याचा मुकुट झाला, असे सांगतात.

हा अहमदखान कोण? आपण त्याला अहमदशहा अब्दाली म्हणतो. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर आपली माणसे ज्याच्याशी लढली, तोच हा. तो दिवस महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. त्या अब्दालीला राज्य मिळाले ते अशा एका गोल बैठकीतून.

साहेबाचा जिरगा

पुढे इंग्रज आले. त्यांनी जिरगा पाहिला आणि तो आपल्या सोयीचा करून घेतला. १९०१ साली त्यांनी सरहद्दीसाठी एक वेगळा कायदा केला. त्या कायद्यात जिरग्याची माणसे सरकारी साहेब निवडू लागला. जिरग्याने मत द्यायचे आणि शिक्षा साहेबाने ठरवायची. वकील नाही, वरच्या कोर्टात दाद नाही. त्यातून एकाने गुन्हा केला तर साऱ्या जमातीला धरायचे. भावाच्या गुन्ह्यासाठी भाऊ तुरुंगात, मुलाच्या गुन्ह्यासाठी बाप तुरुंगात.

बघा, नाव तेच राहिले. बसायची पद्धतही तीच राहिली. पण ‘वाक’ गेला. लोकांनी आपखुशीने सोपवणे गेले. पाकिस्तान झाल्यावरही टोळ्यांच्या मुलखात हा कायदा अनेक वर्षे तसाच चालला. २०१८ साली तो मुलूख पेशावरच्या प्रांतात सामील केला, तेव्हा कुठे तो गेला.

याच मुलखात एक मोठा माणूस होऊन गेला. खान अब्दुल गफारखान. त्यांना लोक बादशहाखान म्हणत. पेशावरजवळचे उत्मानझई हे त्यांचे गाव. आपले लोक एकमेकांच्या सुडात मरतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. त्यांनी गावोगाव पायी फिरून शाळा काढल्या. १९२९ साली ‘खुदाई खिदमतगार’ म्हणजे देवाचे सेवक अशी संघटना उभी केली. सेवक होणाऱ्याने शपथ घ्यायची की मी हत्यार उचलणार नाही, सूड घेणार नाही, दुष्टालाही क्षमा करीन. त्यांच्या गावोगावच्या मंडळांनाही जिरगाच म्हणत.

१९३४ साली ते तुरुंगातून सुटले, पण सरकारने त्यांना स्वतःच्या प्रांतात जायची बंदी केली. तेव्हा ते आपल्या वर्ध्याला गांधीजींजवळ येऊन राहिले. मुंबईतल्या एका भाषणावरून त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना पुन्हा पकडले. १९८७ साली भारताने त्यांना भारतरत्न दिले. पठाण म्हटला की वसुलीवाला आठवतो, तसा हा वर्ध्याचा पाहुणाही आठवावा.

गोलाबाहेरची

आता खोट सांगतो. आयाबहिणींनो, तुमच्या मनात आले असेल की या सगळ्या गोष्टीत बाई कुठे आहे?

गोलात बाई नाही. जिरग्यात पुरुषच बसतात. पण निवाड्यात मात्र बाई येते. खुनाचे वैर मिटवायचे असले की कधीकधी मारेकऱ्याच्या घरातली मुलगी मेलेल्याच्या घरात देतात. पाकिस्तानात या चालीला स्वारा म्हणतात, अफगाणिस्तानात बाद म्हणतात. खून केला काकाने किंवा भावाने. दिली जाते आठदहा वर्षांची पोर. नवऱ्याच्या घरी ती शत्रूची मुलगी म्हणूनच राहते. बाहेर दोन्ही घराणी एका पंक्तीला जेवतात. “समेट झाला” म्हणतात. त्या समेटाची किंमत ती मुलगी जन्मभर फेडते.

ही चाल थांबवायला कायदे झाले. पाकिस्तानात २०११ च्या कायद्याने अशी मुलगी देणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद आणि पाच लाख रुपये दंड ठरवला. अफगाणिस्तानात २००९ साली कायदा झाला. पुढे तिथे तालिबानचे राज्य आले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनीही फर्मान काढले की बाई ही कोणाची मालमत्ता नाही, समेटासाठी तिला देता येणार नाही. मात्र त्याच राज्यात मुलींना सहावीच्या पुढे शाळा बंद झाली. फर्मान निघाले, पण ते वाचायला मुलीला शिकू कोण देणार?

पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की जिरग्याने कोर्ट होऊन शिक्षा देऊ नये. दोन्ही पक्ष आपखुशीने आले तर समेट घडवावा, तोही कायद्यात राहून. आम्हांला हे योग्य वाटते.

आणि काही बायांनी तर वेगळीच वाट काढली. स्वातच्या खोऱ्यात तबस्सुम अदनान नावाच्या बाई आहेत. लहानपणीच त्यांचे लग्न झाले होते, घरात मारहाण सोसली होती. त्या पुरुषांच्या जिरग्याकडे गेल्या. “आम्हांलाही बसू द्या” म्हणाल्या. बसू दिले नाही. मग २०१३ साली त्यांनी बायांचाच जिरगा बसवला. त्याचे नाव ‘ख्वेंदो जिरगा’, म्हणजे बहिणींचा जिरगा. ज्या बाईचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नव्हते, तिला बसायला एक गोल मिळाला.

मोठ्या जिरग्याचेही ऐका. २००३ च्या डिसेंबरात काबूलला नवी राज्यघटना करण्यासाठी लोया जिरगा बसला. त्यात बायाही होत्या. मलालाई जोया नावाची पंचवीस वर्षांची मुलगी उभी राहिली. समोर मोठमोठे बंदूकवाले सरदार बसले होते. ज्यांनी देशाची राखरांगोळी केली त्यांनाच इथे मान का, असे तिने भर सभेत विचारले. केवढा गदारोळ झाला! पण बोलायला ती गोलात होती, म्हणून बोलली. २०२२ च्या उन्हाळ्यात तालिबानने काबूलला मोठी सभा भरवली. हजारो पुरुष आले. बाई एकही नव्हती. कारण काय सांगितले? त्यांचे मुलगे सभेत आहेत, म्हणजे त्या सभेत आल्यासारख्याच आहेत!

आमची चूक

हे ऐकून तुम्ही हसलात. आम्हीही हसलो असतो. पण आम्हांला हसता येत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा शाळेचे मुख्याध्यापक होतो. गावातल्या दोन भाऊबंदांत बांधावरून तंटा पेटला. कुऱ्हाडी निघाल्या. गावाने पाच पंच नेमले, त्यांत आम्ही एक. शाळेच्या ओट्यावर दोन दिवस बैठक चालली. शेवटी आम्ही तोडगा काढला. विहिरीकडचा एक तुकडा एकाने दुसऱ्याला द्यावा आणि वाद संपवावा. दोघे कबूल झाले. नारळ फोडला, गूळ वाटला. आम्हांला फार धन्य वाटले.

त्या तुकड्यावर त्या घरातली विधवा भावजय पोट भरत होती. दोन्ही दिवस ती ओट्याच्या खाली भिंतीशी उभी होती. आम्ही तिला पाहिले होते. तिसऱ्या दिवशी ती शाळेत आली. म्हणाली, “गुरुजी, भांडण मिटलं, चांगलं झालं. पण घास माझ्या तोंडचा गेला. मला एका शब्दानं कुणी विचारलं नाही.”

आम्ही पंचांना पुन्हा बोलावले. एकच जण आला. बाकीचे म्हणाले, “गुरुजी, मिटलेलं उकरू नका.” ती बाई पुढे मजुरीला जाऊ लागली. तिचे ते बोलणे आमच्या कानांतून अजून जात नाही. पठाणांच्या गोलाबाहेरची मुलगी आणि आमच्या ओट्याखालची बाई, दोघींची दशा एकच.

म्हणून मंडळी, तुमच्या गावात तंटा झाला तर बसा, जरूर बसा. पठाणांकडून एवढे घ्या. आधी मध्ये दगड ठेवा, म्हणजे राग थांबवा. दोघांच्या खुशीने पंच नेमा. गोल बसा आणि सगळ्यांचे पुरते ऐका. खून, मारहाण, बाईवरचा जुलूम अशा गोष्टी मात्र पंचांनी मिटवायच्या नसतात. त्यांना पोलीस आणि कोर्ट आहे. कोणाला वाळीत टाकायचे नाही. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि निवाडा सांगण्यापूर्वी एकदा मान वळवून बघा. भिंतीशी कोण उभे आहे? या निवाड्याने कोणाच्या ताटातला घास जाणार आहे? त्याला किंवा तिला आत बोलवा, बसायला जागा द्या, आणि विचारा, “बाई, तुमचं काय म्हणणं आहे?” आता तुम्ही वाचायला लिहायला शिकला आहात. ठरेल ते कागदावर लिहा, सगळ्यांना वाचून दाखवा, आणि त्या बाईलाही स्वतः वाचू द्या. मगच तिची सही घ्या.

आम्ही हे उशिरा शिकलो. तुम्ही वेळेवर शिका, एवढीच विनंती करून आम्ही तुमची रजा घेतो.